नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या पाणवेली आकाशातून फोटो काढून मोजाव्यात का?

गोदाकाठ: "यंदा पाणवेली फार वाढल्या", एवढंच आपण दरवर्षी बोलतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या उंचीवरून ड्रोनने फोटो काढून जोडले, तर किती गुंठे वाढल्या ते सांगता येईल. अनुकूल हवेत ही वेल दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे हे, अंदाजावर किती दिवस सोडायचं?

निफाडचा: माझा विरोध. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर होतो, कुणीतरी ड्रोन उडवला. वारकरी पक्ष्यांचा अख्खा थवा पाणी तुडवत उठला आणि बराच वेळ परत टेकला नाही. पक्ष्यांसाठी राखलेल्या पाण्यावर हे चालायलाच नको.

कडवाकाठ: मग उपग्रह घ्या. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण 5 दिवसांनी नवं. हिरवी पानं इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतात, पाणी तो शोषून घेतं, त्यामुळे तरंगती वेल लगेच उठून दिसते.

निफाडचा: तरंगती दिसते, बुडालेली नाही! हायड्रिला ही पाणवनस्पती गढूळ पाण्याखाली असते. त्यात उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटरचा, काठची दोन हात रुंद पट्टी त्यात हरवते. वेल वाहून येते त्या पावसाळ्यात तर वर ढगच. आमचे भोई होडीतून दोरीला बांधलेलं दाताळं टाकतात. वर काय आलं ते हातात घेऊन बघता येतं.

पंचवटीकर: मोजून तरी काय होणार? सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हेच तिचं खत. नाले बंद करा.

गोदाकाठ: नाले बंद व्हायलाच हवेत. पण वेल कोणत्या नाल्याखाली आधी दाटते, हे फोटोत तारखेसह दिसेल आणि तेच पुढे करून जाब विचारता येईल. पक्ष्यांचं मात्र पटलं. अभयारण्यावर ड्रोन नको, तिथे उपग्रह आणि होडी. ड्रोन नाशिक शहराखालच्या गोदावरीवर, सायखेड्याच्या पुलापर्यंत. पुरात वेल तिथेच अडकते. नाशिकभोवती लष्करी हद्दी आहेत, तेव्हा परवानगी आधी. आणि उड्डाण सकाळी, ऊन डोक्यावर आलं की पाणी चमकतं आणि फोटो वाया जातो.

निफाडचा: एवढं चालेल. पण दाताळं कुठे टाकायचं ते नकाशावरून ठरवू नका, भोयांना विचारा. मी होडीत येतो.