विजेची बस हवीच, पण चढता येईल अशी
सगळ्या बस विजेवर आणा, चढण्या-उतरण्याच्या सोयी नंतर बघता येतील, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. धूर कमी होईल हे मान्यच. पण गुडघे दुखणारी आजी, कडेवर बाळ घेतलेली आई किंवा व्हीलचेअरवरचा माणूस ज्या बसमध्ये चढूच शकत नाही, ती त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. ज्यांना परवडतं ते खासगी गाडीकडे वळतात, बाकीचे घरीच राहतात. मला हे दुसरं जास्त सलतं.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराचं उदाहरण बघा. तिथे १९७४ पासून बससाठी वेगळ्या मार्गिका आहेत, पण मला महत्त्वाचे वाटतात ते १९९१ मध्ये आलेले नळीच्या आकाराचे थांबे. भाडं थांब्यात शिरतानाच भरायचं. थांब्याची फरशी बसच्या तळाएवढी उंच, आणि दार उघडलं की मधली फट झाकणारी फळी खाली येते. बसला पायरीच नाही! व्हीलचेअरसाठी थांब्यावर छोटी लिफ्ट. याने वेळही वाचतो, कारण भाडं देण्यात आणि पायऱ्या चढण्यातच बस थांब्यावर अडकून पडते. तो वेळ वाचला की तेवढ्याच बस जास्त फेऱ्या करू शकतात. शिवाय एकदा घेतलेली बस दहा-बारा वर्षं तरी रस्त्यावर असते आणि तिच्या तळाची उंची खरेदीच्या वेळीच ठरते. म्हणून ‘नंतर’ला माझा विरोध आहे.