मदत हवी आहे: अल्बुकर्कीचा कोरडा वारा, आईचा घोळणा आणि कढीपत्ता

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला राहतो. आई रत्नागिरीहून आली आहे आणि इथला मार्च-एप्रिल तिला अजिबात मानवत नाहीये. अख्खा जन्म कोकणच्या दमट हवेत गेलेला. इथे दुपारी आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यात शहर साधारण १,६०० मीटर उंचीवर. ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात आणि परवा घोळणा फुटला. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, पण ती घाबरली आहे. नाकात साजूक तूप घालते. ते चालेल, की सलाइन स्प्रे बरा? रात्री ह्युमिडिफायर लावत असाल तर खोलीच्या मानाने केवढा घेतलात? नळाच्या जड पाण्याने सगळीकडे पांढरी पूड बसते, त्यावर काय करता?

छतावरचा पाण्याचा कूलर एवढ्यात सुरू करावा का? हवा जरा ओलसर होईल, पण एप्रिलमध्येही एखाद्या रात्री पाणी गोठतं, पाइप फुटायची भीती वाटते.

आणि कढीपत्ता! थंडीभर घरात जपला, बाहेर काढला तर कोवळी पालवी कडेने करपून कुरकुरीत झाली. सकाळी वारा पडलेला असतो. ऊन तापलं की वरचा जोराचा वारा खाली उतरतो आणि संध्याकाळपर्यंत नुसता धुरळा. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून कुंडी घराच्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवावी म्हणते. कुणी करून पाहिलंय?

एल पासो, टक्सनकडच्यांनीही सांगा. आई जूनपर्यंत आहे.