गार लागणंच बंद करणारी गोळी आली तर?

निफाडचा_गारठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, सध्या द्राक्षाचा सीझन फुल जोरात आहे आणि मी एका एक्स्पोर्ट पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. आमची पोरं प्री-कूलिंगमधून पॅलेट काढून कोल्ड स्टोअरला लावतात, आत शून्य-एक डिग्री, वरून ब्लोअरचा वारा, आणि दार उघडून बाहेर आलं की तीस-बत्तीसचं ऊन. जॅकेट दिलेत, हातमोजे दिलेत, तरी सगळ्यांची तक्रार एकच की बोटं ठणकतात. परवा रात्री मोबाईलवर बघत बसलो होतो तर अमेरिकेत म्हणे उंदरांमधलं थंडी कळण्याचं कनेक्शनच बंद केलं आणि ते उंदीर गारढोण पत्र्यावर आरामात फिरायला लागले. तेव्हापासून डोक्यात आहे की मग माणसांसाठी गोळी का काढत नाहीत, डोकेदुखीची असते तशी? शिफ्टच्या आधी एक घ्यायची आणि जायचं आत. आमच्यासारखे कोल्ड स्टोरेजवाले आहेत, सियाचीनला जवान आहेत, खपेल की राव. का यात काही लोचा आहे? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, मी बीकॉम आहे.

पेशीपुराण

बातमी खरी आहे पण जुनी आहे, २०१३ ची. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात डेव्हिड मॅकेमींच्या लॅबने केलेलं काम. थोडं मागून सांगतो.

आपल्या कातडीत ज्या बारीक नसा येतात त्यातल्या काहींच्या टोकावर टीआरपीएम-८ नावाचं प्रोटीन असतं. कातडी साधारण २५-२६ डिग्रीच्या खाली गेली की ते उघडतं, आत आयन (विजेचा भार असलेले बारीक कण) शिरतात आणि नस मेंदूकडे "गार" म्हणून सिग्नल सोडते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांच्या टीमनी ते वेगवेगळं शोधलं, आणि शोधायला वापरला काय तर मेंथॉल! पुदिन्याची गोळी चघळल्यावर तोंड गार पडतं ना, तिथे गार काहीच नसतं, मेंथॉल तेच दार उघडतं. स्पर्श आणि तापमानाच्या या सगळ्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

मॅकेमींच्या उंदरांमध्ये नुसतं प्रोटीन नाही तर ते प्रोटीन असलेल्या नसांच्या पेशीच मारून टाकल्या होत्या. मग उंदीर एका पृष्ठभागावर सोडले, एका टोकाला ० डिग्री आणि दुसऱ्या टोकाला ५० पर्यंत. साधे उंदीर ३० च्या आसपास जाऊन बसले, दोन्ही टोकं टाळली. पेशी मारलेल्यांनी फक्त गरम बाजू टाळली, थंड बाजूला बिनधास्त, अगदी धोका होईल इतक्या थंडीतही. पकड, स्पर्श, तोल सांभाळणं वगैरे बाकी सगळं नॉर्मल.

पण २००७ मध्येच तीन लॅबनी नुसतं टीआरपीएम-८ चं जीन काढलेले उंदीर तयार केले होते आणि त्या उंदरांना बऱ्यापैकी गार कळत नव्हतं तरी फार कडक थंडी ते थोडीफार टाळायचेच. म्हणजे याच्याशिवाय अजून सेन्सर आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीवाल्यांनी ग्लूके-२ नावाचा एक दाखवला, तो २० डिग्रीच्या खालच्या थंडीसाठी. सांगायचा मुद्दा, एकच स्विच नाहीये.

आणि लोचा विचारलात ना, तो इथे आहे. तुमच्या कोल्ड रूमचा टेम्परेचर सेन्सर बघा. त्याची वायर कापली तर नुसता डिस्प्ले बंद पडत नाही, कॉम्प्रेसर कधी चालू करायचा हेही कंट्रोलरला कळेनासं होतं. कातडीतला गार सिग्नल मेंदूच्या तळाशी जिथे शरीराचं तापमान सांभाळलं जातं तिथेही जातो, आणि त्यावरच रक्तवाहिन्या आवळणं, कुडकुडणं, जास्त उष्णता तयार करणं हे सुरू होतं. टीआरपीएम-८ बंद करणारं औषध उंदरांना दिलं तर त्यांचं आतलं तापमान खरोखर खाली येतं असं २०१२ मध्ये दाखवलं गेलंय.

खवचट_खंडू

गोळी कशाला पाहिजे, ओल्ड मंक आहे की!! दोन पेग मारा आणि जावा आत, थंडीचा बाप येत नाही 😂

भुलवाली_डॉक

खंडूभाऊ, गंमत ठीक आहे पण कोणी खरंच करू नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, गरम रक्त वर येतं म्हणून ऊबदार वाटतं, आणि तीच ऊब अंगातून बाहेर निघून जाते. वाटतं एक, होतं भलतंच. शिवाय पॅलेट ट्रॉली चालवणाऱ्याने पिऊन आत जायचं म्हणजे वेगळाच प्रकार.

धाग्याच्या प्रश्नाबद्दल. मी भूलतज्ज्ञ आहे आणि थंडी बंद करणं हे आमच्याकडे रोज होतं, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही. सिझेरियनच्या आधी पाठीत इंजेक्शन देतात ना, ते दिल्यावर आम्ही स्पिरिटचा गार बोळा पायापासून वर वर लावत विचारतो, "ताई, इथे गार लागतंय का? इथे?" गार कळणं कुठपर्यंत गेलंय त्यावरून भूल कुठपर्यंत चढली ते समजतं. गार लागत नाही म्हणजे काम झालं.

आता त्या बाईच्या शरीरात काय चाललेलं असतं बघा. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटातली-छातीतली उष्णता पायांकडे वाहून जाते, ऑपरेशन थिएटरमध्ये एसी, उघडं पोट, गार सलाईन. आतलं तापमान उतरत असतं आणि तिला विचारलं तर बऱ्याचदा म्हणते, "नाही डॉक्टर, बरं वाटतंय, पाय गरम झालेत." पायांकडून "गार आहे" असा निरोपच येत नाही ना. कुडकुडीही नेहमीपेक्षा उशिरा सुरू होते आणि तीसुद्धा फक्त वरच्या अंगाला, कारण खालचे स्नायू बधिर. म्हणून पेशंटच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, मशीनवर तापमान बघायचं, सलाईन कोमट करायचं, गरम हवेचं पांघरूण घालायचं. हे सगळं करायला तिथे चार माणसं उभी असतात. तुमच्या पोराच्या शेजारी कोल्ड स्टोअरमध्ये कोण असणार?

सोलापुरी_चटणी

मला मात्र अशी गोळी पाहिजेच आहे, थोडं वेगळं कारण. माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्याचा साइड इफेक्ट म्हणजे गार सहनच होत नाही. सहन होत नाही म्हणजे आपल्याला हिवाळ्यात होतं तसं नाही हो, फ्रीजचं दार उघडून दुधाची पिशवी धरली की बोटात करंट बसल्यासारख्या मुंग्या, आणि गार पाणी प्यायलं की घसा आवळून श्वास अडकल्यासारखं वाटायचं. श्वास खरंतर चालू असतो, पण पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही सगळे हादरलो. सोलापूरचा उन्हाळा आणि माणसाला माठातलं पाणी बंद, कोमट पाणी प्या म्हणायचं. फ्रीजवर एक हातमोज्याची जोडी कायम ठेवलेली असायची, आणि फरशीवर पण स्लीपर. डोस झाला की काही दिवस जास्त, मग जरा कमी, मग पुढचा डोस. अशांसाठी कोणी काही शोधतंय का?

पेशीपुराण

ताई, हो, शोधतायत, आणि माझ्या मते या संशोधनाचा खरा उपयोग तिथेच आहे. निरोगी माणसाला बिनथंडीचा करणं हा कुणाचा उद्देश नाहीये. मॅकेमींनीही दुखण्यावर उपाय म्हणूनच ते काम केलं होतं, ज्यांना साध्या गारव्याचंही दुखणं होतं त्यांच्यासाठी, आणि अडचण अशी की दुखणं मारायचं पण संवेदना ठेवायची.

माणसांवर थोडं झालंय. फायझरने टीआरपीएम-८ अडवणारं एक औषध निरोगी लोकांना देऊन त्यांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले, दुखणं कमी झालं, आतलं तापमानही पडलं नाही (उंदरांपेक्षा वेगळं!), पण काहींना तोंडाभोवती आणि अंगाला विचित्र गरम गरम वाटायला लागलं आणि ते सहन होईना. अॅमजेन या औषध कंपनीने मायग्रेनसाठी एक करून बघितलं. बाजारात यातलं काही मिळत नाही.

कंपन्या सावध का, तर याच्या भावंडाचा अनुभव. गरम आणि तिखट ओळखणारा टीआरपीव्ही-१ आहे, मिरची लागते ती त्याच्यामुळेच. वेदनाशामक म्हणून तो बंद करणारी औषधं काढली, तर एका औषधाने लोकांना ४० डिग्रीपर्यंत ताप चढला, आणि दुसऱ्या काहींनी गरम कळण्याची हद्दच वर सरकली, म्हणजे चहा तोंड पोळेल इतका गरम आहे हे कळेना. तेव्हापासून तापमानाच्या वायरीला हात लावताना सगळे दहा वेळा विचार करतात.

अवांतर: निसर्गाने हा प्रयोग करून ठेवलाय. तेरा पट्ट्यांची अमेरिकन खार आणि सीरियन हॅमस्टर हे शीतनिद्रा घेणारे, त्यांचं टीआरपीएम-८ थंडीला फार कमी दाद देतं असं अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या लॅबने २०१७ मध्ये दाखवलं. पण त्यांचं शरीर नुसत्या काही डिग्रीवर कित्येक दिवस पडून राहून परत उठू शकतं. आपण ३५ च्या खाली गेलो की हॉस्पिटल.

पायवाट

उशिरा येतेय पण राहवलं नाही. मी कुष्ठरोग आणि डायबेटिसच्या पायांच्या जखमांचं काम करते. "संवेदना गेली तर बरं" असं कोणी म्हटलं की मला आमची ओपीडी दिसते. कुष्ठरोगात चट्ट्यावर दोन टेस्ट ट्यूब लावून बघतात, एकीत गरम पाणी एकीत गार, कारण बारीक नसा आधी जातात आणि बहुतेक वेळा गरम-गार कळणं सगळ्यात आधी जातं. पेशंटला काहीच दुखत नसतं त्यामुळे तो येतच नाही. येतो तेव्हा चुलीवरचं भांडं उचलून बोटं भाजलेली, नाहीतर चपलेत खिळा घुसलेला आणि दिवसभर तसाच चाललेला. मग त्याला रोज रात्री डोळ्यांनी पाय तपासायला शिकवायचं, एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल घालायला लावायची, आणि हे आयुष्यभर, कारण कातडी जे फुकट सांगायची ते आता डोळ्यांनी शोधायचं. निम्मे लोक दोन महिन्यांत कंटाळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, मीही कंटाळले असते.

निफाडचा_गारठा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. गोळीचा नाद सोडला 🙏 आता दोन खरे प्रश्न. एक, पोरं आत जायच्या आधी हाताला बाम चोळतात, गरम वाटतं म्हणतात, चालेल का? दोन, एका पोराची बोटं आत गेल्यावर पांढरीफट्ट पडतात, मग निळी, बाहेर आला की लालभडक होऊन ठणकतात. बाकीच्यांना तसं होत नाही. तो म्हणतो काही नाही होत साहेब, पण मला बघवत नाही.

भुलवाली_डॉक

बाम: त्यातलं मेंथॉल वरच्या प्रतिसादातलं तेच दार उघडतं, जास्त चोळलं की गार-जळजळ असं मिश्र वाटतं. हात गरम होत नाही, नुसतं वाटतं, आणि मेंथॉलने कातडीच्या रक्तवाहिन्या काही वेळ उलट आवळू शकतात. शिवाय बामाचे हात द्राक्षाच्या पेट्यांना. बंद करा.

हातांसाठी सांगते ते करा. बोटांच्या कातडीचं तापमान १५ च्या खाली गेलं की बारीक काम जमेनासं होतं, ७-८ च्या आसपास स्पर्शच जातो, मग पेटी निसटते, बोट चेंगरतं. तुमच्याकडे शून्याच्या वर आहे म्हणून बोटं गोठणार नाहीत, तो प्रकार उणे अठराच्या फ्रोझनवाल्यांकडे, पण ओला हातमोजा आणि ब्लोअरचा वारा यानेही नसांना इजा होते. म्हणून हातमोज्याच्या प्रत्येकी दोन जोड्या, एक वाळत, एक हातात. घाम आलेला शर्ट घालून आत जायचं नाही. आणि धड गरम राहिलं तरच शरीर बोटांकडे रक्त पाठवतं, नुसते जाड हातमोजे देऊन भागत नाही, आतून एक स्वेटर पाहिजे. आत किती वेळ ते पोरांवर सोडू नका, दमदार पोरं हट्टाने थांबतात, घड्याळ लावा आणि पाळीने बाहेर काढा.

त्या मुलाचं वर्णन रेनॉड्ससारखं वाटतंय, थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. बऱ्याच जणांना नुसतंच असतं, काहींना त्यामागे दुसरा आजार असतो, तेव्हा एकदा फिजिशियनला दाखवा, बोटांच्या टोकाला जखम किंवा काळेपणा असेल तर उद्याच. तोपर्यंत त्याला आत पाठवू नका, ग्रेडिंग किंवा पॅकिंगच्या टेबलावर घ्या. तंबाखू किंवा बिडी आहे का विचारा, निकोटिनने हे अजून वाढतं.

निफाडचा_गारठा

तंबाखू आहे डॉक्टर, खिशात पुडी कायम. उद्यापासून पॅकिंगला घेतो त्याला, रोजंदारी तेवढीच ठेवतो म्हणजे ठेकेदाराची कटकट नको.