मदत हवी आहे : कंडिशनल प्रॉबॅबिलिटी (एक गोष्ट कळल्यावर दुसरीची संभाव्यता). माहिती तीच, मग उत्तरं दोन कशी?

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय संख्याशास्त्र. या सत्रात संभाव्यतेचा पेपर आहे. क्रमचय-संचय, नाणी, फासे, पत्ते इथवर सगळं नीट चाललं होतं. बेजच्या प्रमेयात (नवी माहिती मिळाल्यावर संभाव्यता कशी बदलते त्याचं सूत्र) किमती घालून उत्तरही काढता येतं. अडतं ते त्याच्या आधी, गणिताच्या शब्दांतून घटना लिहिताना. खालची दोन गणितं बघा, सराव संचात एकाखाली एक आली आहेत.

अ) एका कुटुंबात दोन अपत्यं आहेत. त्यांतली किमान एक मुलगी आहे असं कळलं. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती?

ब) एका कुटुंबात दोन अपत्यं आहेत. त्यांतलं कोणतं तरी एक रस्त्यात भेटलं, ती मुलगी होती. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती?

मागे उत्तरं दिली आहेत : अ चं १/३ आणि ब चं १/२.

अ कळतं. मुलीला क, मुलाला प म्हणू आणि मोठ्या अपत्याचं अक्षर आधी लिहू. कक, कप, पक, पप अशा चार शक्यता, चारही समान. किमान एक मुलगी आहे म्हणजे पप बाद. उरल्या तीन, त्यांत कक एक, म्हणून १/३.

पण ब मध्येही मुलगी भेटली म्हणजे पप बादच ना? उरतात तेच तीन. मग १/३ का नाही? वर्गात विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं की दुसरं अपत्य पहिल्यापासून स्वतंत्र आहे, म्हणून १/२. हे पटतं, पण मग अ मध्ये ते स्वतंत्र का नाही? दोन्हीकडे मला कळलेली गोष्ट एकच आहे : घरात किमान एक मुलगी आहे.

जाता जाता दुसरी शंका. परस्पर अपवर्जक (एकाच वेळी घडू न शकणाऱ्या) घटना आणि स्वतंत्र घटना यांतला फरक व्याख्येने पाठ आहे, पण दोन्ही ऐकताना ‘एकमेकींशी संबंध नाही’ असंच वाटत राहतं.

कृपया नुसतं सूत्र देऊ नका, सूत्र येतं. कुठल्या वाक्यातून कुठली घटना लिहायची हे कसं ओळखायचं, ते हवं आहे. मला याच विषयात एम.एस्सी. करायचं आहे, त्यामुळे पाया कच्चा ठेवून पुढे जायचं नाही.

पाटीपेन्सिल

प्रश्न फार चांगला आहे, आणि अडचण नेमकी जिथे आहे तिथेच तुम्ही बोट ठेवलं आहे. ‘दोन्हीकडे कळलेली गोष्ट एकच आहे’ हे तुमचं वाक्य तपासून बघू.

ब मध्ये दोन गोष्टी यदृच्छेने घडतात. एक, कुटुंब कोणतं. दुसरी, दोघांपैकी भेटलं कोण. तुमच्या नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या यादीत, फक्त पहिली आहे. दुसरीही घाला. चार कुटुंबं आणि प्रत्येकात ‘मोठं भेटलं’ किंवा ‘धाकटं भेटलं’, म्हणजे एकूण आठ शक्यता, प्रत्येकीची संभाव्यता १/८.

आता ‘भेटलेलं अपत्य मुलगी आहे’ ही घटना मोजा. कक मध्ये मोठी भेटली, कक मध्ये धाकटी भेटली, कप मध्ये मोठी भेटली, पक मध्ये धाकटी भेटली. झाल्या चार. त्यांतल्या दोन कक च्या. २/४ म्हणजे १/२.

त्याच आठांत ‘किमान एक मुलगी आहे’ ही घटना मोजा. कक च्या दोन, कप च्या दोन, पक च्या दोन, मिळून सहा. त्यांतल्या कक च्या दोन. २/६ म्हणजे १/३.

म्हणजे घटना दोन आहेत आणि त्या एक नाहीत. चार शक्यतांची घटना सहा शक्यतांच्या घटनेच्या पोटात बसते. ब मध्ये तुम्हाला ‘किमान एक मुलगी आहे’ हे तर कळलंच, पण त्याहून जास्त कळलं. कप कुटुंबातला मुलगा रस्त्यात भेटू शकला असता, तो भेटला नाही. पक मध्येही तसंच. एक मुलगा, एक मुलगी असलेल्या घरांची अर्धी शक्यता त्या भेटीनेच गळून गेली. तुम्ही फक्त पप खोडलात. कप आणि पक निम्मे कापायचे राहिले.

स्वतंत्र असण्याबद्दल : ब मध्ये माहिती एका ठरावीक अपत्याची आहे, जे भेटलं त्याची. उरलेलं अपत्य त्यापासून खरोखर स्वतंत्र आहे. अ मध्ये माहिती दोघांची मिळून आहे. तिथे ‘दुसरं’ म्हणून बोट दाखवावं असं अपत्यच नाही, मग ते कोणापासून स्वतंत्र म्हणायचं? ‘मोठं अपत्य मुलगी आहे’ असं कळलं असतं तर उत्तर पुन्हा १/२ आलं असतं, कारण मोठं अपत्य ठरावीक आहे.

आकडेमोड

पाटीपेन्सिल यांनी सांगितलंय ते हाताने करून बघा. दोन नाणी घ्या, एक रुपयाचं आणि एक दोन रुपयांचं. घरातल्या कोणाला तरी ती उडवायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा.

पहिल्या खेपेला तुम्ही फक्त एवढंच विचारायचं : किमान एक छापा आहे का? ‘नाही’ आलं तर तो डाव सोडून द्यायचा. ‘हो’ आलं तर दोन्ही छापे आहेत का ते लिहून ठेवायचं.

दुसऱ्या खेपेला समोरच्याने डोळे मिटून एका नाण्यावर बोट ठेवायचं आणि त्यावर काय आहे ते सांगायचं. काटा निघाला तर डाव सोडायचा. छापा निघाला तर दुसऱ्या नाण्यावर काय आहे ते लिहायचं.

भरपूर डाव होऊ द्या, वीसपंचवीस पुरणार नाहीत. पहिली यादी तिसऱ्या हिश्शाकडे जाईल, दुसरी निम्म्याकडे. मुख्य म्हणजे सोडून दिलेल्या डावांकडे लक्ष द्या. पहिल्या खेपेत चौथा हिस्सा डाव सुटतात, दुसऱ्या खेपेत निम्मे. नाणी तीच, पण डाव गाळायची चाळणी वेगळी. कंडिशनल प्रॉबॅबिलिटीत ‘कंडिशन’ म्हणजे ही चाळणीच.

मी मुद्दाम नाणी घेतली. मुलगा-मुलगी समान शक्यतेचे हे गृहीतक पुस्तकापुरतं ठीक आहे. निसर्गातही १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि आपल्याकडे गर्भलिंगनिदानाने त्यात काय भर घातली ते आपण जाणतोच. त्याविरुद्ध १९९४ साली कायदा करावा लागला. गणित सोडवताना गृहीतक लिहून टाकायची सवय असावी, या उदाहरणात तर नक्कीच.

कोकणकडा

या कोड्याचा इतिहासही तुमच्या बाजूने आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात ते मुलग्यांवरून विचारलं होतं आणि उत्तर १/३ दिलं होतं. पुढे त्यांनीच मान्य केलं की माहिती कशी मिळाली हे सांगितल्याशिवाय प्रश्न संदिग्ध राहतो. तुमच्या संचातल्या अ मध्येही ‘असं कळलं’ एवढंच आहे. कसं कळलं? आईबाबांना ‘एक तरी मुलगी आहे का?’ असं विचारल्यावर ‘हो’ आलं, असं धरलं तरच १/३.

तीन दारांचं माँटी हॉल कोडंही याच जातीचं आहे. एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही पहिलं दार निवडलं, सूत्रधाराने तिसरं उघडलं, मागे बकरी. आता दार बदलावं का? गाडी कुठे आहे हे सूत्रधाराला माहीत असेल आणि तो दर वेळी बकरीचंच दार उघडत असेल, तर बदलून जिंकण्याची संभाव्यता २/३. पण तो दार असंच, न बघता उघडत असेल आणि योगायोगाने बकरी निघाली असेल, तर १/२. डोळ्यांना दिसलं ते अगदी एकच. १९९० साली मेरिलिन व्हॉस सावंत यांनी ‘परेड’ या अमेरिकी नियतकालिकातल्या आपल्या सदरात २/३ हे उत्तर दिलं, तेव्हा हजारो वाचकांनी त्यांना चूक ठरवलं होतं. त्यांत गणितातले पीएच.डी.धारकही होते. बरोबर मेरिलिन होत्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ शक्यतांचा तक्ता काढल्यावर ‘निम्मे कापायचे’ म्हणजे काय ते दिसलं.

मग माँटी हॉल स्वतः मांडून पाहिलं. सूत्रधाराला माहीत असेल तेव्हा : गाडी पहिल्या दारामागे असून तिसरं उघडणं १/३ × १/२ = १/६. गाडी दुसऱ्यामागे असून तिसरं उघडणं १/३ × १ = १/३. गाडी तिसऱ्यामागे असेल तर ते उघडणं शून्य. म्हणून दुसऱ्या दाराचं उत्तर १/३ भागिले १/२, म्हणजे २/३. माहीत नसेल तेव्हा मधला × १ हा × १/२ होतो, दोन्ही बाजू १/६, उत्तर १/२. हे बरोबर आहे ना?

बरोबर असेल तर आता विचारायचंय ते असं : ‘हे गृहीतक खरं असेल तर मला दिसलं ते दिसण्याची संभाव्यता किती’ हा आकडा आधी लिहायचा, प्रत्येक शक्यतेसमोर वेगवेगळा. सरळ खोडाखोड करायची नाही. असंच ना?

पाटीपेन्सिल

मांडणी बिनचूक आहे, आणि हो, असंच. खोडणं म्हणजे तो आकडा शून्य असणं. अ मध्ये कक, कप, पक या तिघांसमोर तो १ आहे, म्हणून तिथे नुसत्या खोडाखोडीने भागलं. ब मध्ये तो १, १/२, १/२ आहे. बेजच्या सूत्रात अंशात गुणायला येतो तो हाच.

दुसऱ्या शंकेचं थोडक्यात. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर परस्पर अपवर्जक घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत. एक फासा घ्या. ‘दोन पडले’ कळलं की ‘पाच पडले’ची संभाव्यता १/६ वरून थेट शून्यावर येते. याहून घट्ट संबंध कुठला? स्वतंत्र म्हणजे एक कळल्यावर दुसरीचा आकडा जागचा न हलणं. त्याच फाशावर ‘सम संख्या’ आणि ‘चार किंवा कमी’ तपासा. पहिलीची १/२, दुसरीची २/३, दोन्ही मिळून २ आणि ४ म्हणजे १/३. गुणाकार जुळतो. दोघींत सामाईक शक्यता आहेत, तरी त्या स्वतंत्र आहेत.

परीक्षेत पहिल्या दोन ओळी अशा लिहा : नमुना अवकाश काय धरला आणि माहिती कोणत्या रीतीने मिळाली असं मानलं. प्रश्न संदिग्ध असेल तर गृहीतक स्पष्ट लिहून पुढे जा. बेजवरची पुढची गणितं रोगचाचणीची असतील. ती याच तक्त्याने सोडवा आणि अडलात तर इथेच टाका.