वधूवर नोंदणीत थॅलेसेमियाचा अहवाल सक्तीचा असावा का?

मुलुंडकर:
आमच्या ज्ञातिसंस्थेच्या दादर येथील वधूवर सूचक मंडळाच्या कार्यकारिणीत मी आहे. नोंदणी अर्जाला थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक रक्तविकाराच्या) रक्तचाचणीचा अहवाल जोडणे सक्तीचे करावे आणि सूचीत रास-नक्षत्राशेजारी ‘वाहक : होय/नाही’ असा रकाना छापावा, असा ठराव येत्या सभेपुढे आहे. हेतूविषयी शंका नाही. मुलाला रक्त चढवण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी रजा काढणारे पालक आमच्यातच आहेत. परंतु सूची घरोघरी जाते, आणि एका मुलीच्या नावापुढे ‘वाहक’ वाचून तिच्या धाकट्या बहिणीचेही स्थळ परत फिरेल, ही भीती वाटते. विरोध करावा की दुरुस्ती सुचवावी?

परळ प्रयोगशाळा:
वाहक व्यक्ती रुग्ण नसते, तिच्याकडे दोषी जनुक असते आणि ते अपत्याकडे जाऊ शकते एवढेच, हे आधी सभेला सांगावे. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि ती दर वेळी नव्याने तेवढीच असते. जोडीदारात हिमोग्लोबिनचा असा कोणताही दोष नसेल तर हा धोका उद्भवत नाही. म्हणजे तुमचा रकाना एकट्या व्यक्तीविषयी जवळपास काहीच सांगत नाही, तो जोडीला लागू पडतो. शिवाय वाहक ओळखला जातो तो एचबी-ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराच्या वाढलेल्या प्रमाणावरून; शरीरात लोह कमी असेल तर ते प्रमाण खाली दिसू शकते, त्यामुळे छापलेले ‘नाही’ कधीकधी चुकीचेही निघेल.

वकील, गिरगाव:
सायप्रसमध्ये 1983 पासून चर्च विवाहापूर्वी प्रमाणपत्र मागू लागले. मात्र त्यावर चाचणी आणि समुपदेशन झाल्याचीच नोंद असते, निष्कर्ष त्या दोघांपाशी राहतो. दोघे वाहक निघाले तरी बहुतेकांनी लग्न मोडले नाही, आणि तरीही गर्भारपणातील तपासणीमुळे रुग्ण बालकांचे जन्म जवळपास थांबले. आपल्याकडेही 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी गर्भजल किंवा वार यांच्या तपासणीला परवानगी दिलेली आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केले. मंडळ म्हणजे शासन नव्हे, हे खरे; पण जनुकीय माहिती सूचीत छापणाऱ्याने त्या निकालाकडे पाठ फिरवू नये.

एक पालक, ठाणे:
मला सक्ती हवी आहे, आणि ते मी संकोच न करता लिहितो. ऐच्छिक म्हटले की कोणी जात नाही. साखरपुडा झाल्यावर अहवाल आला तर तो कपाटात जातो. माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, रक्तामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी त्याला रोज औषध घ्यावे लागते, आणि आम्हा दोघांची साधी चाचणी वेळेवर कोणी सुचवली नव्हती. तरीही रकाना छापायला माझा विरोध आहे, कारण मग आमच्या घरातल्या बाकीच्यांची नावे सूचीत आपोआप मागे पडतील. चाचणी सक्तीची करा, पण ती लग्नाचा विषय निघण्यापूर्वी, महाविद्यालयाच्या वयातच करा.

मुलुंडकर:
सर्वांचे आभार. विरोधाऐवजी दुरुस्ती मांडतो : अर्जासोबत केवळ चाचणी आणि समुपदेशन झाल्याचे पत्र असावे, आणि निष्कर्ष ज्याचा त्याच्याजवळ राहावा. अहवालाची प्रत मंडळात ठेवली जाणार नाही, हे वाक्य ठरावातच घालणार आहे, कारण आमच्या कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते हे मला ठाऊक आहे.