अतिबलाढ्य पात्राला आवरण्यासाठी शत्रू बळकट करावेत का?

धागाकर्ता
गेले दीड वर्ष मी डंजन मास्टर म्हणून, म्हणजे कथा रचणारा आणि शत्रूंची बाजू खेळणारा म्हणून, एक कथाप्रधान कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग कथा) चालवत आहे. नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. पूर्ण चिलखत, ढाल, संरक्षक अंगठी आणि बचावाची लढाईशैली यांच्या जोरावर आमच्या योद्ध्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी फासा आणि मिळवणी मिळून शत्रूला गाठावा लागणारा आकडा, २२ झाला आहे. जादूगाराचा मात्र १४ आहे. हल्ल्याच्या फाशात ४ मिळवणाऱ्या शत्रूला योद्ध्यावर वार करण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १८ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे शंभरातले पंधराच वार लागतात. मी वैतागून शत्रूंची मिळवणी १० वर नेली. योद्ध्याला लागणारे वार ४५ टक्क्यांवर आले खरे, पण जादूगाराला पूर्वी ५५ टक्के वार लागत, ते आता ८५ टक्के लागू लागले. ज्याचा काही दोष नव्हता तोच दुसऱ्या फेरीत आडवा पडू लागला.

त्यामुळे माझे ठाम मत असे झाले आहे की बळाला बळाने उत्तर देऊ नये. योद्ध्याला लढाया जिंकू द्याव्यात आणि संकटाचा प्रकार बदलावा: एकाच रात्री दोन गावांवर हल्ला व्हावा, त्याने दिलेले वचन आणि सोबत्याचा जीव यांत निवड करावी लागावी, जिंकलेल्या गडावरच्या लोकांना पोसण्याची जबाबदारी त्याच्यावर यावी. यांपैकी कशालाही आर्मर क्लास नसतो.

प्रतिसाद १
गणित मान्य आहे, उपाय मान्य नाही. आपण सांगितलेला प्रत्येक पेच योद्ध्याभोवतीच फिरतो, हे आपल्या लक्षात आले का? वचन त्याचे, गड त्याचा, निवडही त्याचीच. लढाईत तो आधीच पुढे होता, आता कथाही त्याच्या नावावर होईल. मी हे सोसले आहे. एका कॅम्पेनमध्ये माझे पात्र एक वैद्य स्त्री होती; तिचा हरवलेला भाऊ शोधायचा, असे पहिल्याच सेशनला ठरले होते. आठ महिन्यांत त्या भावाचा उल्लेख दोनदा झाला, कारण राजाचे दूत, शत्रूचा सूड आणि देवांचे कौल हे सगळे आमच्यातल्या सर्वांत बलवान पात्राकडेच येत राहिले. शेवटी मी तो खेळ सोडला.

सरळ मार्ग असा की सेशनच्या बाहेर, सर्वांसमक्ष बोलावे, अंगठी काढून घ्यावी आणि त्या खेळाडूला हवे असल्यास पात्र नव्याने बांधू द्यावे. कथेआडून केलेली शिक्षा खेळाडूला कळतेच आणि ती अधिक झोंबते.

प्रतिसाद २
अंगठी काढून घेण्याला माझा विरोध आहे. ती डंजन मास्टरनेच दिली होती, आणि नियमात राहून मिळवलेली वस्तू परत मागितली की खेळाडूचा पुढच्या प्रत्येक बक्षिसावरचा विश्वास उडतो. शिवाय समान बळ ही कथेची पूर्वअट नाही. १९८७ साली आलेल्या 'आर्स मॅजिका' या अशाच खेळामध्ये जादूगार हे इतर पात्रांपेक्षा उघडपणे सामर्थ्यवान असतात, तरीही तो खेळ टिकून आहे.

प्रतिसाद १
ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे एकेका खेळाडूकडे जादूगाराबरोबर साधी पात्रेही असतात आणि प्रत्येक मोहिमेत कोणी कोणते पात्र घ्यायचे ते आलटून पालटून ठरते. तिथली विषमता सर्वांनी आधी मान्य केलेली असते. इथे ती बाकीच्या खेळाडूंवर नकळत लादली गेली आहे. आणि प्रश्न फक्त चिलखताचा नाही. जादूगाराचे पात्र पाचव्या लेव्हलला पोचले की तिसऱ्या पातळीचे मंत्र हाती येतात. मग खड्डा, तटबंदी यांचे महत्त्व उडण्याच्या मंत्राने संपते, आणि मृताशी बोलण्याच्या मंत्राने महिनाभर रचलेले खुनाचे रहस्य पाच प्रश्नांत उलगडते. तिथे कोणता पेच टाकणार?

धागाकर्ता
मंत्रांबद्दल मला तितकीशी भीती वाटत नाही. मृताला जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच तो सांगू शकतो. पाठीमागून वार झाला असेल तर खुनी त्यानेही पाहिलेला नसतो. विचारणाऱ्याला तो शत्रू मानत असेल, तर खरे बोलण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. खेळाडूंकडे हा मंत्र आहे हे ठाऊक असताना, प्रेताच्या साक्षीनंतरही उरेल असेच रहस्य रचणे हे माझे काम आहे. पात्रांचे सामर्थ्य विसरून कथा लिहायची आणि मग त्या सामर्थ्यावर चिडायचे, हे मला पटत नाही.

पहिला आक्षेप मात्र लागला. काल मी मागच्या सहा सेशनची टिपणे काढून बसलो. त्यांतले चार मोठे निर्णय योद्ध्याने घेतले होते आणि जादूगाराच्या वाट्याला एकही आला नव्हता. अंगठी मी मागणार नाही, पण शत्रूंची मिळवणी पूर्ववत ४ वर आणतो. गडाची किल्ली योद्ध्याच्या हाती द्यायचे ठरवले होते; आता गडाचा मरणासन्न स्वामी ती जादूगाराच्या हातात ठेवेल, आणि दार कोणासाठी उघडायचे हे योद्ध्याला जादूगारालाच विचारावे लागेल.

प्रतिसाद १
हे करण्याआधी जादूगाराच्या खेळाडूला ती किल्ली हवी आहे का, एवढे विचारून घ्या. मला माझा भाऊ हवा होता, गड नव्हे.