उंदरांच्या प्रयोगाची उरलेली अर्धी गोष्ट

लठ्ठ माणसाचे आतड्यातले जीवाणू उंदरात सोडले की उंदीर लठ्ठ होतो, म्हणून प्रोबायोटिक (उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंची) कॅप्सूल घ्या आणि बारीक व्हा, असा सूर अनेकदा ऐकू येतो. यातला उंदरांचा भाग बरोबर आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जीवाणू जंतुमुक्त उंदरांत सोडले होते, आणि लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. पण पुढचा भाग कुणी सांगतच नाही. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जीवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते), तेव्हा सडपातळ गटाच्या जीवाणूंनी दुसऱ्यांची चरबी वाढू दिली नाही. मात्र चरबी कमी आणि फळं-भाज्या भरपूर अशा आहारावरच. स्निग्ध, बिनचोथ्याच्या आहारावर ते जीवाणू तिथे टिकलेच नाहीत. मग कॅप्सूलमधले वडापावावर काय टिकणार!

जीवाणूंमुळे शरीरात दाह (सूज) होतो असंही म्हणतात; तो धागाही आहारापाशीच येतो. काही जीवाणूंच्या बाह्यावरणात लिपोपॉलीसॅकराइड नावाचं मेद आणि शर्करा यांचं संयुग असतं. २००७ मध्ये संशोधक पात्रिस कानी आणि सहकाऱ्यांना दिसलं की अतिस्निग्ध आहारावरच्या उंदरांच्या रक्तात ते वाढतं. प्रतिकारशक्ती त्याला संसर्ग समजते, मंद दाह सुरू राहतो आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. माणसांत हे कितपत लागू पडतं यावर अजून वाद आहे.